मधली भिंत

मी दोन घरांमधली भिंत बोलतेय. म्हणजे माझं जे काही उरलंय ते. दोघा भावांचं बिनसलं आणि त्यांनी घराच्या मधोमध मला उभं केलं. तेही घाईघाईत, एकेरी विटेचं. भाऊ बोलत नसत, पण जावांचं कुठे काय बिनसलं होतं? थोरली पळीने माझ्यावर टकटक करायची, की पलीकडे धाकटी हातातलं काम टाकून मला कान लावायची. मग नवऱ्यांची जी उणीदुणी निघायची, बाई गं! मी आपली मध्ये हसू दाबून उभी.

पुढे दोघे भाऊ युद्धावर गेले आणि मागोमाग लढाईच शहरात शिरली. खिडक्यांतून गोळ्या यायला लागल्या. म्हणून धाकटी दोन्ही लेकरांना कवटाळून मला टेकून बसली. साऱ्या गल्लीने तेच केलं, आतल्या भिंतीचा आसरा धरला. पण रस्त्याची भीती सैनिकांनाही होतीच की! ते आतल्या भिंती उडवत घराघरातून पुढे सरकत होते, हे कुणाला ठाऊक?

ते थोरलीच्या घरात घुसले. एकाने माझ्यावर स्फोटकं लावली.

"अहो, पलीकडे माझी जाऊ आहे! पोरं आहेत!" थोरली त्यांच्या हातापाया पडली.

"पलीकडे शत्रू आहे. बाजूला व्हा, बाई."

तिने ओट्यावरची पळी उचलली आणि जिवाच्या आकांताने मला बडवलं. धाकटीला सावध करायचं होतं बिचारीला. पण इतक्या वर्षांची सवय! धाकटीने पटकन मला कान लावला. तिचा गाल मला जाणवला आणि माझा जीव कासावीस झाला. हात असते तर मी तिला ढकलून दिलं असतं.

"लांब हो गं, धाकटे! पोरांना घेऊन पळ!" थोरली किंचाळली.

धाकटीने ते ऐकलं. दोन्ही पोरांना तिने दाराबाहेर ढकललं. स्वतः निघायला तिला वेळ मिळाला नाही.

पलीकडे शत्रू नव्हताच.

आता लढाई थांबली आहे. भावांचा अजून पत्ता नाही. काल गवंडी आला, माझं भगदाड पाहून म्हणाला, "बुजवू का, ताई?"

थोरली पोरांना भरवत होती. "नको. उरलेलीही पाडून टाका. आता वाटण्या कुणात करायच्या?"

मला त्याचं वाईट वाटलं नाही. माझं एकच मागणं आहे, गवंडीदादा. घण घालण्याआधी पोरांना जरा लांब घेऊन जायला सांगा. माझ्यावर काही आपटलं की ती अजून आईला हाका मारतात.