चौघी असल्याशिवाय

सीतारामराव मूळचेच भरभक्कम. त्यांच्या लग्नाच्या फोटोत कलावतीबाईंचा एक खांदा आणि मुंडावळ्या तेवढ्या दिसतात, उरलेल्या फोटोत सगळे सीतारामराव. पुढे पन्नास वर्षं बायकोच्या हातचं जेवून त्यांनी त्यात भरच घातली. त्यामुळे श्रावणाच्या तोंडावर ते न्हाणीघरात घसरले, तेव्हा आवाज तळमजल्यापर्यंत गेला आणि खालच्या बिऱ्हाडातल्यांना वाटलं, गच्चीवरची पाण्याची टाकी खाली आली.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डोंबिवली पूर्वेला डॉक्टर स्वानंदचं तीन मजली हॉस्पिटल घराजवळच होतं, शिवाय स्वानंद ओळखीचा. ओळख म्हणजे जन्मापासूनची. कलावतीबाई ठाण्याच्या सरकारी इस्पितळात नर्स होत्या तेव्हा स्वानंद तिथेच जन्मला, आणि रडेना म्हणून त्याला पायांना धरून उलटा करणारे हात कलावतीबाईंचे होते. आता तो पन्नाशीला आला होता, टक्कल पडलं होतं. पण कलावतीबाईंना तो अजून उलटाच आठवे.

ऑपरेशन झकास झालं. स्वानंदच्या हाताला यश होतं. "काकू, आता फक्त काळजी घ्यायची," म्हणून तो खाली निघून गेला. काळजी कोण घेणार, ते त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर चौदा खाटा होत्या आणि सिस्टर एक. प्रीती तिचं नाव. टिटवाळ्याहून यायची, सडपातळ, पायांत पांढरे बूट, आणि तिचा चेहरा कुणालाच नीट बघायला मिळत नसे, कारण ती कायम कुठूनतरी कुठेतरी जात असे. झाडायला-पुसायला एक मावशी होत्या, त्या तिन्ही मजल्यांच्या. वॉर्डबॉय होता म्हणे, पण तो औषधांच्या दुकानातही बसायचा, लिफ्टही चालवायचा आणि डॉक्टरांची गाडीही धुवायचा. त्याला या मजल्यावर पाहिलेला माणूस कलावतीबाईंना भेटला नाही.

कलावतीबाईंनी पहिल्याच दिवशी प्रीतीला फैलावर घेतलं.

"अगं, ह्यांची कूस कधी बदलायची? आमच्या वेळी दर दोन तासांनी बदलायचो. घड्याळ चुकेल, आम्ही चुकत नव्हतो."

"हो आजी, आले," प्रीती म्हणाली, आणि सलाइन संपलेल्या खाटेकडे धावली.

"आमच्या वेळी घंटा वाजली की आम्ही हजर."

"हो आजी."

"आमच्या वेळी सिस्टर अशा पळत नसत. चालत."

तोवर प्रीती खाट नंबर अकराला पोहोचली होती.

कलावतीबाई खुर्चीत बसून आपल्या काळात रमल्या. कडक इस्त्रीची पांढरी साडी, डोक्यावर टोपी, आणि त्या फर्नांडिस मेट्रन. मेट्रन बोलायला लागल्या की वॉर्डातले उंदीरसुद्धा ओळीत चालायचे. तसल्या मेट्रनच्या हाताखाली तयार झालेल्या बाईला ही आजकालची धावपळ कशी पटावी? मुली आळशी झाल्यात, असा निष्कर्ष काढून त्यांनी नवऱ्याला मोसंबं सोलून दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सीतारामरावांची पाठ पुसायला म्हणून त्यांनी सदरा वर केला, तर माकडहाडाच्या वर एक लालसर डाग होता. बोटाने दाबला तरी लाली जाईना. असे डाग कलावतीबाईंनी नोकरीत पाहिले होते. आज रुपयाएवढा लाल, मग कातडी फाटते, मग खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यातून चांगली धडधाकट माणसं गेलेली त्यांनी पाहिली होती. हाड जुळायचं ते जुळतं, आणि माणूस पाठीच्या जखमेने जातो.

"काय झालं गं?" सीतारामराव म्हणाले.

"काही नाही. डास चावलाय."

त्यांनी घंटा दाबली. पुन्हा दाबली. मग दाबूनच धरली. कुणी आलं नाही. तेव्हा त्यांनी पदर खोचला. वय चौऱ्याहत्तर, वजन नवऱ्याच्या निम्म्याहून कमी. पण फर्नांडिस मेट्रनचं नाव घेऊन त्यांनी सीतारामरावांच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातले आणि ओढलं. सीतारामराव वीतभर वर आले आणि तिथेच अडकले. वर नेता येईना, खाली सोडता येईना.

"सोड, सोड," सीतारामराव म्हणाले.

"सोडलं तर हाड निखळेल, गप पडा."

प्रीतीने दारातून पाहिलं आणि हातातला ट्रे स्टुलावर टाकून ती झेपावली. पलीकडून चादर धरून तिने सगळा भार आपल्याकडे घेतला. सीतारामराव सुखरूप कुशीवर झाले, पायांमध्ये उशी गेली. आणि प्रीती वाकली होती ती वाकलेलीच राहिली.

"आजी, मला सरळ होता येत नाहीये," ती अगदी शांतपणे म्हणाली.

पाठीत उसण भरली होती. कलावतीबाईंनी तिला धरून स्टुलावर बसवलं, कमरेला मलम चोळलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

"घरी जा तू. रजा टाक."

"टाकली तर मजल्यावर कोण? गेल्या महिन्यात रसिका सिस्टरची अशीच कंबर गेली, ती आलीच नाही परत. तिच्या खाटा मला दिल्या." तिने पर्समधून रुंद पट्टा काढला आणि कमरेला आवळला. सवयीचा दिसत होता. मग तिने सहज विचारलं, "आजी, तुमच्या वेळी पेशंटला वळवायला किती जणी असायच्या?"

"चौघी," कलावतीबाई म्हणाल्या. "मेट्रनचा नियमच होता. चौघी असल्याशिवाय जड पेशंटला हात लावायचा नाही. तिघी असलो तर एकीला शेजारच्या वॉर्डातून—"

त्या मध्येच थांबल्या.  खाट नंबर चारची घंटा वाजली, तशी प्रीती पट्ट्यावर हात ठेवून उठली आणि निघाली. या वेळी पळत नव्हती, चालत होती. कलावतीबाईंना ते बघवेना. त्यानंतर 'आमच्या वेळी' हे शब्द त्यांनी तिच्यापुढे काढले नाहीत.

दुपारी कादंबरी डबा घेऊन आली. ही त्यांच्याच इमारतीतली. पोळीभाजी केंद्र चालवायची, आणि डोंबिवलीतल्या महिला गोविंदा पथकात अगदी खालच्या थरात उभी राहायची. खालचा थर म्हणजे वरच्या सगळ्यांचा भार खांद्यावर. कादंबरीचे खांदे बघून भाजीवाला वजनात मारायला धजत नसे.

कलावतीबाईंनी सगळं सांगितलं. तिने ऐकता ऐकता सीतारामरावांना डोक्यापासून पायांपर्यंत न्याहाळलं, दुकानात कपाट बघावं तसं.

"काकू, टेन्शन नका घेऊ. आमचे सहा थर लागतात. काका म्हणजे फार तर दोन."

"मी इथेच आहे," सीतारामराव म्हणाले.

"आमची प्रॅक्टिस शेजारच्याच मैदानात असते. पाळीपाळीने चौघी येत जाऊ. दर दोन तासांनी ना?"

"परक्या बायका मला हात लावणार?" सीतारामरावांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "त्यापेक्षा मला घरी न्या."

"घरी नेणार कसं? उचलायला चौघं लागतातच," कलावतीबाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

संध्याकाळी चौघी हजर झाल्या. गेल्या वर्षीचे पिवळे टी-शर्ट, कमरेला ओढण्या बांधलेल्या. प्रीतीने चादर कशी धरायची, दुखरा पाय कसा सांभाळायचा, ते दाखवलं. कादंबरीने कसं उभं राहायचं ते सांगितलं. "गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. सगळ्या एकदम. मी बोलल्याशिवाय कोणी दम सोडायचा नाही." मग ती हळू आवाजात म्हणाली, "बोल बजरंगबली की," आणि तिघी म्हणाल्या, "जय." सीतारामराव डोळे घट्ट मिटून पडले होते. डोळे उघडले तर ते भिंतीकडे तोंड करून कुशीवर होते, आणि कुणाच्याच तोंडून साधा हुंकारही निघाला नव्हता.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"कधीच."

पुढचे दिवस दुसऱ्या मजल्यावर मोठे आनंदात गेले. चौघी येत, सीतारामरावांना वळवत, आणि आल्याच आहेत म्हणून खाट नंबर चारच्या आजींनाही बसवत. अकरा नंबरचे जाडजूड गुजराती शेठ तर घड्याळ बघून तयार राहू लागले. सकाळची पाळी सगळ्यांसाठी आलं घातलेला चहा आणायची. प्रीतीला औषधं वेळेवर देता येऊ लागली, आणि एकदा तर तिने जेवणाचा डबा जेवणाच्या वेळी उघडला. मावशी कौतुकाने बघायला आल्या.

लाल डागही फिका पडत होता. कलावतीबाई रोज सदरा वर करून बघत आणि सीतारामराव रोज विचारत, "डास गेला का?"

पण हे सगळं कधीतरी मालकाच्या कानावर जाणारच. एके सकाळी स्वानंद घामाघूम होऊन वर आला.

"काकू, हे काय चाललंय? हॉस्पिटल आहे की मैदान? बाहेरच्या बायका पेशंटला उचलतात? उद्या काही झालं तर? आत्ताच्या आत्ता सगळ्यांना—"

"सर," प्रीती दारातून म्हणाली, "दर्जा तपासणीच्या मॅडम आल्यात. उद्या येणार होत्या ना? लिफ्टमध्ये आहेत."

स्वानंदचा चेहरा पाहण्यासारखा झाला. या तपासणीवर त्याच्या हॉस्पिटलची दर्जाची पाटी अवलंबून होती. उद्यासाठी त्याने म्हणे कल्याणच्या मित्राकडून तीन सिस्टर उसन्या सांगून ठेवल्या होत्या. त्याने मजल्यावरून नजर फिरवली. एक सिस्टर, तीही पट्टा बांधलेली. आणि चार तगड्या बायका, एकसारख्या कपड्यांत.

"थांबा," तो कादंबरीला म्हणाला. "जाऊ नका. प्लीज."

तपासणीच्या बाई ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, आवाज अगदी मऊ. "मजल्यावर एकच सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"सिस्टर एक, पण ही आमची खास टीम," स्वानंद म्हणाला. "पेशंट वळवण्यासाठी. चोवीस तास."

"अरे वा. दाखवाल?"

कादंबरीने कलावतीबाईंकडे पाहिलं, कलावतीबाईंनी मान हलवली. चौघी वाकल्या, आणि वाकल्याबरोबर त्यांच्या पाठी बाईंकडे झाल्या. पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'महिला गोविंदा पथक, डोंबिवली पूर्व', आणि खाली, 'लोण्यासाठी आमचीच डेअरी'.

"बोल बजरंगबली की."

"जय," यावेळी सीतारामरावही म्हणाले. त्यांना आता सवय झाली होती.

बाईंनी पाठ वाचली. मग पुढे होऊन सीतारामरावांची पाठ पाहिली, ती बराच वेळ पाहिली. "इथे लाली होती. आता जवळजवळ गेली आहे," त्या म्हणाल्या. "टीम कधीपासून आहे, डॉक्टर?"

"म्हणजे, तशी..."

"सोमवारपासून," कादंबरी म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे, आणि कुणी तसं सांगितलंही नव्हतं.

"आणि सोमवारच्या आधी?"

 बाईंची नजर प्रीतीच्या पट्ट्यावर गेली. "सोमवारच्या आधी तुम्ही?" त्यांनी तिला विचारलं. प्रीतीने मालकाकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

तेव्हा कलावतीबाई खुर्चीतून उठल्या.

"स्वानंद, तू जन्मलास तेव्हा तुझ्याभोवती आम्ही किती जणी होतो, ठाऊक आहे?"

"काकू, आत्ता नको."

"चौघी. एक डॉक्टरीण वेगळीच. तुझं वजन होतं अडीच किलो." त्यांनी खाटेकडे हात केला. "आणि हे बघ. ह्यांना वळवायला तू एक मुलगी दिलीस, ती माझ्यासमोर मोडली. मला ह्यांना बिनजखमेचं घरी न्यायचंय, आणि तिलाही धड घरी जाता आलं पाहिजे. उसन्या टोप्या आणून ते व्हायचं नाही."

स्वानंदने टकलावरचा घाम पुसला. बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण आवाज तसाच मऊ राहिला.

"आजचा निकाल मी राखून ठेवते, डॉक्टर. टीम उत्तम आहे. मी पुन्हा येईन, कधी ते कळवणार नाही. त्या दिवशी मजल्यावर दुसरी सिस्टर आणि अशीच टीम दिसली पाहिजे. टी-शर्टवर काय छापायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

त्या गेल्यावर स्वानंद स्टुलावर बसला आणि कादंबरीला म्हणाला, "ताई, तुम्हीच याल का नोकरीला?"

"आम्हाला पोळ्या लाटायच्यात, डॉक्टर. माणसं ठेवा, शिकवायला येऊ."

झक मारत माणसं ठेवावी लागली. एक जास्तीची सिस्टर आली, तगडे चार जण आले, आणि जुन्या वॉर्डबॉयची गाडी धुण्यातून सुटका झाली. शिकवणी वॉर्डातच झाली. सरावासाठी खाटेवर निजायला कुणी तयार होईना, तेव्हा कादंबरीने सरळ डॉक्टरांनाच आडवं व्हायला सांगितलं. स्वानंद डोळे मिटून निजला, चौघांनी त्याला या कुशीवरून त्या कुशीवर केलं, आणि कलावतीबाई सीतारामरावांच्या कानात म्हणाल्या, "अगदी तस्साच दिसतो. फक्त आता उलटा केला नाही तरी रडेल."

घरी जायचा दिवस आला. प्रीतीने शेवटचं म्हणून सदरा वर केला. पाठ स्वच्छ होती, त्या जागी फक्त पावडर.

"डास गेला, आजोबा," ती म्हणाली आणि चाकाची खुर्ची खाटेला लावून, सवयीने, एकटीच त्यांच्या खांद्याखाली हात घालायला वाकली.

सीतारामरावांनी तिचा हात बाजूला केला आणि पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

"थांबा सिस्टर. चौघं होऊ द्या. मला घाई नाही."

वॉर्डबॉयला हाक गेली. तो इतरांना घेऊन येईपर्यंत करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून प्रीती कलावतीबाईंच्या शेजारी स्टुलावर बसली. कलावतीबाईंनी डब्यातलं उरलेलं मोसंबं सोललं आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं. बसलेली असताना तिचा चेहरा नीट दिसत होता. गालावर खळी पडायची, ते त्यांना त्या दिवशी कळलं.