एकेचाळिसावा प्रश्न

"घेवा हातात. पत्रच आसा, इंचू नाय," कुशाबा म्हणाला.

हेरंबशास्त्र्यांनी हात पुढे केला नाही. पाकिटावर एडनचा शिक्का होता, आणि शिक्क्याशेजारी ज्याचे वळणदार अक्षर होते त्या रघूला बोटीवर वारून सहा दिवस झाले होते. सुवेझहून तार गुरुवारी आली, पत्र शनिवारी. तारेला समुद्राच्या तळातून वाट आहे, पत्राला परतीच्या बोटीची वाट पाहावी लागते. सुधारणेची ही अशी किमया, की माणसे आता आधी मरतात आणि मागाहून बोलतात.

"आज नको," शास्त्री म्हणाले.

"आज नाय तर उद्या काय मजकूर बदलतलो?" कुशाबाने पाकीट प्रुफांच्या चळतीवर ठेवले आणि त्यावर उमटलेला आपला शाईचा अंगठा पंच्याने पुसून टाकला.

गिरगावातल्या त्या छापखान्यात कुशाबा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवी आणि हेरंबशास्त्री प्रुफे तपाशीत. बावीस वर्षे त्यांनी पंचांगे, लग्नपत्रिका, शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती आणि कर्तबगार गृहस्थांची मरणोत्तर चरित्रे शुद्ध केली होती. स्वतःच्या नावाचे पुस्तक मात्र एकच: 'विलायतेस जाणाऱ्या उतारूंस उपयुक्त एकेचाळीस प्रश्नोत्तरे.' लेखकाने आयुष्यात बोटीवर पाऊल ठेवले नव्हते. समुद्राशी त्यांचा संबंध नारळी पौर्णिमेपुरता, आणि तोही कोरड्या वाळूवरून. पण न पाहिलेल्या गोष्टींविषयी निःशंक लिहिणे हीच आपल्याकडे विद्वत्तेची कसोटी असल्यामुळे पुस्तक चांगले खपले.

त्यातला अर्धा भाग जहाज कंपनीच्या इंग्रजी नियमांचा तर्जुमा होता. केबिनीतली पेटी चौदा इंचांहून उंच नसावी. केबिनीत विस्तव पेटवू नये. स्नानाची पाळी आदल्या दिवशी नोंदवावी. मालखाना नेमल्या वारीच उघडेल. उरलेला अर्धा धर्माचा: पाणी घरचे न्यावे, अन्न कोरडे न्यावे, ताट कोणाचे शिवू नये. कंपनी आणि धर्म यांचे एका बाबतीत संपूर्ण एकमत होते. उतारूने कशालाही हात लावण्यापूर्वी विचारावे.

बॅरिस्टर होण्यासाठी निघालेल्या रघूला शास्त्र्यांनी अपोलो बंदरावर स्वतः जाऊन या पुस्तकाची प्रत दिली होती. ऐन वैशाखातली दुपार. बोट दूर उभी होती, तिच्याकडे नेणारा मचवा पायरीला लागला होता. पोराने वाकून नमस्कार केला, पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि वरून दोनदा चापपून पाहिले.

संध्याकाळी, छापखाना रिकामा झाल्यावर, शास्त्र्यांनी पाकीट फोडले.

'वेदशास्त्रसंपन्न हेरंबशास्त्री यांसी साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. आपले पुस्तक उशाशी आहे. चौदाव्या उत्तराप्रमाणे बोटीवरील पाण्यास स्पर्श केलेला नाही. घरच्या दोन कळशांपैकी एक परवाच्या लाटांत कलंडली, दुसरीतले पाणी कालपासून घाण मारते. अंगात ताप आहे. बोटीचा डॉक्टर सज्जन गृहस्थ आहे. तो म्हणतो, येथील पाणी यंत्राने वाफ करून पुन्हा थंड केलेले असते, खुशाल प्यावे. मी त्यास म्हटले, विचारून सांगतो. पुस्तक दोनदा वाचले. मुखपृष्ठावर एकेचाळीस प्रश्न म्हटले आहेत, मी मोजले ते चाळीस भरले. पुन्हा मोजले. एकेचाळिसावा सापडत नाही. माझ्या शंकेचे उत्तर त्यात असावे असे वाटते. ते कृपा करून सुवेझच्या टपालाने कळवावे.'

एडन सोडल्यावर बोट पाच दिवसांत सुवेझला लागणार होती. हे पत्र मुंबईस यायलाच आठ दिवस लागले. उत्तर वेळेवर पोचायचे तर ते प्रश्नाच्या आधी निघायला हवे होते. बी. ए.ला गणितात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलाला एवढे कळले नव्हते. ताप किती होता याचा याहून अचूक आकडा डॉक्टरलाही देता आला नसता.

आणि एकेचाळिसावा प्रश्न होता.

पुस्तक बत्तीस पानांचे ठरले होते, सोळा-सोळा पानांचे दोन फर्मे. शेवटचा प्रश्न आठ ओळींनी तेहेतिसाव्या पानावर सांडला. छापखान्याचे मालक तात्या प्रुफावर बोट आपटून म्हणाले होते, "आठ ओळींसाठी नवा फर्मा लावू? एक प्रश्न उडवा, शास्त्रीबुवा. कुठला ते तुमचं तुम्ही बघा. धर्मातलं मला काय कळतं!"

शास्त्र्यांनी तपकिरीची चिमूट घेतली, आणि ती नाकापर्यंत पोचण्यापूर्वी निर्णय झाला. तेविसावा प्रश्न उडवता आला असता: बोट वळत राहिल्यास संध्येला तोंड कोणत्या दिशेस करावे? हा प्रश्न अद्याप कोणीही विचारला नव्हता. पण त्याच्या उत्तरात शास्त्र्यांनी चार ग्रंथकारांचे मतभेद मिटवले होते, आणि ते परिच्छेद त्यांना पोटच्या पोरासारखे प्रिय होते. तो राहिला. उडाला तो एकेचाळिसावा: उतारू आजारी पडल्यास बोटीवरील वैद्याने दिलेले पाणी व अन्न घ्यावे काय? उत्तर: घ्यावे. प्राणसंकटी दोष नाही. परत आल्यावर अल्प प्रायश्चित्त पुरे.

हे कोणाला ठाऊक नाही, असे तेव्हा त्यांच्या मनात आले होते. सर्वांना ठाऊक असलेले छापायचे कशाला? याच शहरात नळ आले तेव्हा नळाच्या पाण्यावरून सभा झाल्या होत्या, आणि वाद मिटला तो शास्त्रार्थाने नव्हे. विद्वानांनाही तहान लागते म्हणून मिटला. शिवाय, हे शास्त्र्यांनी स्वतःपाशीही फारसे मोठ्याने म्हटले नव्हते, 'घ्यावे' हा शब्द नसला की पुस्तकाला कोणी बाटगे म्हणणार नव्हते.

मुखपृष्ठ आधीच छापून झाले होते. त्यावरचा आकडा तसाच राहिला. बावीस वर्षांत त्यांच्या नजरेतून निसटलेली ती एकच चूक, आणि ती एकाच वाचकाच्या लक्षात आली.

रघूचा देह समुद्राला दिला होता, म्हणून फणसवाडीतल्या त्याच्या घरच्यांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. डोक्याला पाने किती, छातीला किती, मांड्यांना किती, हे शास्त्राने मोजून ठेवले आहे. नसलेल्या देहाची इतकी काळजी वाहणाऱ्या शास्त्राने असलेल्या देहाचीही वाहिली होती. ती छापायची तेवढी राहिली.

तेराव्याला पंगत उठल्यावर रघूचे वडील, आबासाहेब, ओटीवर बसून मुलाचे घरी आलेले पत्र वाचून दाखवत होते. त्यांचा आवाज कापत नव्हता, हे सर्वांच्या लक्षात यावे अशी त्यांनी तजवीज ठेवली होती.

"ऐका. 'पुस्तकाबाहेर एक पाऊल टाकलेले नाही.' ऐकलंत? तांबड्या समुद्राची ती भट्टी, पण परक्या पाण्याचा थेंब नाही!"

"सोनं हो, सोनं," एक गृहस्थ विडा लावत म्हणाले. "नाहीतर हल्लीची पोरं. सोडावाटर ढोसतात आणि मिशा पुसत संध्येला बसतात."

"शास्त्रीबुवा," आबासाहेब वळले, "दुसरी आवृत्ती आमच्या खर्चानं. पाचशे प्रती. पहिल्या पानावर रघूचं चरित्र. बंदरावर जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ती पडली पाहिजे. कसं वागावं, ते कळू दे त्यांना."

पाचशे मुले. शास्त्री मान हलवून उठले. बोळातून बाहेर पडणार तो माजघराच्या दाराआडून हाक आली. आनंदीबाई, रघूची आई, चौकटीला हात लावून उभ्या होत्या.

"जरा थांबता का? इकडच्या पत्रात त्यानं लिहिलंय, तुम्हांला एक शंका विचारलीय म्हणून. काय विचारलं होतं हो?"

"संध्येची," शास्त्र्यांच्या तोंडून निघून गेले. "बोट वळली की तोंड कुठे करावं, अशी."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग बरं." त्यांचा हात चौकटीवरून खाली आला. "मला आपलं वाटलं, पाण्याचं विचारलं असेल. लहानपणापासून खोडच त्याची. माठ समोर असायचा, तरी 'आई, घेऊ का?' म्हटल्याशिवाय ओगराळं उचलायचा नाही. मी चिडायची. अरे, पाणी कसलं विचारतोस!"

त्या दिवसापासून हेरंबशास्त्र्यांना पाणी पिणे कठीण झाले. तांब्या उचलला की कानाशी कोणी तरी नम्रपणे विचारी, घेऊ का? दाराशी नळ वाजला की तेच. जेवल्यावर चूळ भरायला पाणी हातात घेतले की तेच. आवाजात तक्रार नसे. असती तर तिला उत्तर देता आले असते. तो उत्तराची वाट पाही, आणि ज्याला आपल्या शब्दावर भरवसा ठेवायला आपणच शिकवले त्याच्या भरवशाइतके भयंकर भूत दुसरे नसते.

दुसऱ्या आवृत्तीची प्रुफे आली तेव्हा शास्त्र्यांनी तेविसाव्या प्रश्नावर उभी रेघ मारली आणि समासात लिहिले: येथे एकेचाळिसावा घ्यावा. तात्यांनी तो कागद उन्हात धरून वाचला.

"पहिल्या पानावर आबासाहेबांचा मुलगा पाणी न पिता गेला म्हणून त्याचं स्तोत्र, आणि शेवटच्या पानावर 'घ्यावे'? म्हणजे पोरगं आपल्या पुस्तकापायी गेलं, असं आपणच छापायचं? वर नाव कुणाचं आहे, शास्त्रीबुवा?"

"माझंच. म्हणूनच म्हणतो."

"नाही म्हणजे नाही. मुखपृष्ठावर एकेचाळिसाचे चाळीस करा आणि मोकळे व्हा. पुस्तक शुद्ध होईल."

आकडा बदलला. पाचशे प्रती छापून, शिवून, दोऱ्यांनी बांधून भिंतीशी लागल्या. पुस्तक खरोखरच शुद्ध झाले होते. त्यात आता एकही चूक उरली नव्हती, आणि आता कोणी मोजले असते तरी त्याला काहीही हरवलेले आढळले नसते.

तात्या वसुलीसाठी दादरला गेले त्या दुपारी कुशाबाने स्टुलावर चढून वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेले काहीतरी जड खाली काढले. सुतळीने चारी बाजूंनी आवळलेले शिसे. आठ ओळी, उलट्या, धुळीने भरलेल्या. शास्त्र्यांना उलटे वाचायची सवय होती. शेवटून तिसऱ्या ओळीत तो शब्द होता.

"अजून ठेवलंस?"

"तुमी काढूक सांगलात. खिळे सोडूक खंय सांगलात?" कुशाबा म्हणाला. "म्हटलं, शास्त्रीबुवा आज ना उद्या मागतले. शहाणो माणूस इसरता, पण आठवता पण त्याकाच."

 कुशाबाने ओल्या फडक्याने शिसे पुसले.

"आमी गावाक बोटीन जातंव. तहान लागली काय मिळात ता पाणी पितंव. देवाक मगे सांगतंव."

"मग देव काय म्हणतो?"

"आजपर्यंत तरी कायच म्हणाक नाय."

कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर त्यांनी हातयंत्राने पाचशे चिठ्ठ्या छापल्या. वरती शास्त्र्यांनी एकच शब्द जुळवायला लावला: शुद्धिपत्र. मग मांडी घालून, बोटाने खळ लावीत, ते बत्तिसाव्या पानाखाली एकेक चिठ्ठी चिकटवू लागले. घ्यावे. घ्यावे. घ्यावे. कानाशी विचारणारा आवाज थांबला नाही; पण त्याला प्रथमच, पाचशे वेळा, उत्तर मिळत होते.

तात्या परतले तेव्हा शेवटचा गठ्ठा सुटलेला होता. त्यांनी एक प्रत उघडली, चिठ्ठी वाचली, आणि ती नखाने उचकटून पाहिली. खळ वाळली होती.

"आबासाहेबांना काय सांगू मी?"

"मी सांगतो."

"मग परत इकडे येऊ नका," तात्या म्हणाले, आणि थोड्या वेळाने, चष्मा पुसत, "छत्री विसरू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी शास्त्री फणसवाडीला गेले. आबासाहेब कचेरीत होते. आनंदीबाईंनी ओटीवर पाट मांडला आणि त्या उंबरठ्याआड बसल्या.

"मी त्या दिवशी खोटं बोललो," शास्त्री म्हणाले.

त्यांनी रघूचे पत्र काढले आणि वाचले. घाईने नाही, सांभाळूनही नाही; प्रुफ वाचावे तसे, एकेक अक्षर. 'मी त्यास म्हटले, विचारून सांगतो' येथे पदराची हालचाल झाली. मग त्यांनी पुस्तक उघडून शेवटच्या पानाखालची चिठ्ठी वाचली.

"परत वाचा," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी परत वाचली.

"एवढंच होतं?"

"आठ ओळी."

"कुणी काढल्या?"

"मी."

बाहेर वाडीत कोणी कोळीण बोंबील विकत चालली होती. तिची हाक लांब गेली. मग आनंदीबाई उठून आत गेल्या. माठावरचे झाकण निघाल्याचा आवाज आला. त्यांनी काठोकाठ भरलेले फुलपात्र आणून शास्त्र्यांच्या पाटासमोर ठेवले आणि त्या पुन्हा दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. उन्हातून आलेल्या माणसापुढे कोणीही पाणी ठेवतेच. त्याचा अर्थ लावायला ग्रंथ लागत नाहीत.

शास्त्र्यांच्या घशाला कोरड पडली होती. फुलपात्रातले पाणी हलत होते. ते हलायचे थांबले. त्यांचा हात अर्ध्यावर आला आणि राहिला. त्यांनी वर पाहिले.

"घेऊ का?" हेरंबशास्त्र्यांनी विचारले.

आनंदीबाई चौकट धरून तशाच उभ्या होत्या. आत माठावर झाकण ठेवायचे राहून गेले होते.