उजवीकडचं दार

कमळाकरने चावी घातली. ती आत गेली, पण फिरेना. बाहेर काढून त्याने ती सदऱ्याला पुसली, भोकात फुंकर मारली, पुन्हा घातली आणि ह्या वेळी दातओठ खाऊन पिळली. फियाटचं उजवीकडचं दार ढिम्म हललं नाही. चावीच वाकतेय असं वाटलं, तेव्हा कुठे त्याने हात आवरला.

“अहो, थोडं तेल घालून बघा,” वत्सला पडवीतून म्हणाली.

त्याने खोबरेलाची बाटली आणली आणि चांगलं चमचाभर तेल भोकात ओतलं. अर्धं दारावरून ओघळलं. चावी आता पहिल्यापेक्षा जास्तच रुतली.

मग कमळाकरला संशय आला. तसं त्याला संशय यायला फार काही लागत नसे. दुधावर साय कमी आली तरी तो गवळ्याच्या आधी घरातल्यांची तोंडं बघायचा. पण आज त्याच्याकडे कारणं होती. परवा दसरा झाला, काल रविवार. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत हीच चावी नुसत्या बोटाने फिरत होती. आणि दसऱ्याला संध्याकाळी रोह्याहून महादेव आला होता.

महादेव म्हणजे मालतीवहिनींचा धाकटा भाऊ. सोनं द्यायला नव्हता आला. घरात यंदा सणच नव्हता. ज्येष्ठात कमळाकरचे थोरले भाऊ, डॉक्टर शरद, छातीत कळ येऊन गेले. वर्षभर तोरण नाही, गोडधोड नाही. महादेव नुसता बहिणीला भेटायला आला, आणि जाताना गाडीभोवती फेरी मारून, बॉनेटवर हात फिरवून म्हणाला, “छान ठेवलीय हो गाडी.”

हे ‘छान ठेवलीय’ कमळाकरच्या डोक्यातून जाईना. गाडी दादाची. कागदावर अजून त्याचंच नाव, म्हणजे आज ना उद्या ती वहिनींची. कमळाकर रोह्याला एका रंगाच्या कंपनीत नोकरीला होता. दादा गेल्यावर वहिनीच म्हणाल्या होत्या, “एसटीला कशाला लोंबकळता भावोजी, गाडी न्या.” पण म्हटलेलं फिरवायला कितीसा वेळ लागतो? सख्ख्या भावाने मागितली तर बाई नाही म्हणेल? बरं, मागितलीही नसेल. सरळ दुसरी चावी करून घातली असेल.

“वहिनींना विचारा ना सरळ,” वत्सला म्हणाली.

“विचारलं की माणसं सावध होतात.”

पण वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि त्याला राहवलं नाही.

“वहिनी, गाडी कुणाला द्यायची असेल तर तोंडावर सांगा. भलत्या चाव्या घालून कुलपं कशाला बिघडवता? तुम्हा रोहेकरांना सरळ बोलायचं वावडंच आहे.”

मालतीवहिनींनी कपबशी कठड्यावर ठेवली. त्यांनी आधी कमळाकरकडे पाहिलं, मग गाडीच्या उजव्या दाराकडे. तोंड उघडलं, वत्सलाकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतलं.

“मी दुपारी रोह्याला जाते,” त्या म्हणाल्या. “चार दिवस राहीन म्हणते.”

त्यांनी दाराकडे बघितलं होतं! कमळाकरने ते बरोबर टिपलं. आता शंकाच उरली नाही त्याला.

डावीकडचं दार चावीने उघडत होतं. तिकडून शिरून, अख्ख्या सीटवरून घसरत तो स्टिअरिंगपर्यंत पोचला. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेल्या दिनानाथने ब्रश तोंडातून काढला.

“काय रे, आज बायकोच्या जागेवरून?”

कमळाकरने गाडी सुरू केली.

वडखळ नाक्याच्या अलीकडे केरूचं गॅरेज होतं. केरूने चावी घालून पाहिली, कान लावला, मान हलवली.

“जोह्याला गेल्तात काय, गनपतीच्या कारखान्यांकडं? तिथली माती जाते कुलपात.”

“नाही गेलो.”

“मंग कोनीतरी दुसरी चावी घातलेली हाय.”

“बघ!” कमळाकर जवळजवळ आनंदाने म्हणाला. “मी काय म्हणतोय सकाळपासून!”

केरूने दाराचं आतलं कव्हर काढलं, हात घालून कुलपाचा अंगठ्याएवढा गाभा सोडवला आणि रॉकेलच्या वाटीत टाकला. रॉकेल हळूहळू लाल झालं. दोघंही वाकून बघत राहिले. केरूने तारेने भोक कोरलं, तसा लाल लगदा निघाला आणि त्याबरोबर तांदळाच्या दोन-तीन कण्या.

“आयला,” केरू म्हणाला. “पूजा लय दाबून केलीव दसऱ्याला.”

“आमच्याकडे यंदा सण नाही. दुखवट्याचं वर्ष आहे.”

केरूचा हात थांबला. “सन नाय, आनि कुंकू-तांदूल? आनि कुलपाच्या आत?” त्याने तार खाली ठेवली आणि उगाच हात पुसले. “करनी-बिरनी नाय ना साहेब? नीट बघा बाबा. घरातलं कोन वाकड्यात हाय काय तुमच्या?”

एवढं पुरे होतं. भर दुपारी कमळाकरच्या अंगावर काटा आला. त्याने कण्या कागदाच्या पुडीत बांधून घेतल्या. केरूने कुलूप धुऊन, सुकवून परत बसवलं. चावी सहज फिरली. पण कमळाकर कंपनीत गेला नाही. गाडी वळवून तो पेणला परत आला.

पडवीत मालतीवहिनींची पिशवी भरून ठेवलेली होती. त्या चपला घालत होत्या, वत्सला त्यांच्या हातापाया पडत होती. कमळाकरने पुडी उघडून वहिनींच्या तोंडासमोर धरली.

“हे काय आहे?”

“अक्षता,” वहिनी म्हणाल्या.

“कुणी घातल्या कुलपात?”

“मी.”

“करणी करता आमच्यावर? दादा जाऊन पाच महिने नाही झाले, आणि माझ्या मरणावर—”

“अहो!” वत्सला ओरडली. “काय बोलताय, शुद्धीवर आहात का?”

मालतीवहिनींना आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या पिशवीशेजारी बसल्या.

“करणी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी कागदातल्या कण्यांकडे बोट दाखवलं.

“हे दसऱ्याला गाडीची पूजा केल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नसत. यंदा सण नाही, मला कळतं ते. पण तुम्ही रोज त्या भिसे खिंडीतून येता-जाता. मला त्या दिवशी पहाटेपासून चैन पडेना. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा मी गाडीला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. चाकांना, आणि तुमच्या बाजूच्या दाराला. तुम्ही तिथनंच बसता म्हणून. मग मनात आलं, हे माझ्या हातचं कुंकू. विधवेच्या हातचं. तुम्ही बघितलंत तर अपशकुन म्हणाल. म्हणून ओल्या फडक्याने घासून घासून पुसलं. ते आत गेलं असेल.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगितलंत मला, मी काय केलं ते.” त्यांनी पदराने डोळे कोरडे केले. “आणि महादेवला गाडी चालवता येत नाही हो. सायकलवरून पडतो तो.”

वत्सलाला हसू फुटलं, आणि पाठोपाठ ती रडायला लागली. कमळाकरला स्वतःची इतकी लाज वाटली की पुडी कुठे ठेवावी तेही सुचेना. शेवटी त्याने ती खिशात घातली.

“चुकलं माझं, वहिनी. जाऊ नका.”

“संशयाचं मी मनावर घेत नाही, भावोजी. तो तुम्हाला सगळ्यांचाच येतो. करणी म्हणालात, तेही गिळीन एक वेळ. पण तुम्हा रोहेकरांना म्हणालात. मी ह्या घरात आले तेव्हा तुम्ही अर्ध्या चड्डीत होतात. तुमचे शाळेचे डबे मी भरलेत. मला वाटत होतं, मी पेणची झाले.”

वहिनी उठल्या.

“निदान गाडीने सोडतो.”

त्या नको म्हणाल्या नाहीत.

नागोठणं मागे पडलं. खिंडीत कमळाकरने गाडी इतकी हळू घेतली की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून शिव्या घातल्या. रोह्यात महादेवच्या घरासमोर गाडी थांबली. कमळाकरने पिशवी उतरवून पायरीवर ठेवली आणि तसाच उभा राहिला. आत जायची त्याची छाती होईना.

“उद्या कंपनी सुटली की या,” वहिनी म्हणाल्या.

“उद्या? चार दिवस म्हणाल्या होतात.”

“उद्या या. पण रस्त्यावरून हॉर्न वाजवायचा नाही. वत्सलाला सकाळीच बरोबर आणायची. दोघांनी आत यायचं, महादेवपुढे बसायचं आणि म्हणायचं, वहिनीला घरी न्यायला आलोय. त्याशिवाय मी येणार नाही.”

“म्हणतो.”

“तो विचारील, काल आली आणि आज लगेच? झालं तरी काय? मग काय सांगाल?”

कमळाकरने खाली बघितलं. “खरं ते सांगीन. त्याच्यावर संशय घेतला म्हणून.”

वहिनींनी पायरीवरची पिशवी उचलली.

“करणीचंही सांगू?” त्याने विचारलं.

“करणीचंही,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी भावाच्या दाराची कडी वाजवली.