टेलरमास्तरांच्या खणातली श्वासाची नळी

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. श्वास ओढायची नळी. टेलरच्या दुकानात, मोडक्या कात्र्यांच्या खणात पडलेय. उंचीनं तुमच्या वितीएवढी. वर तोंडात धरायचा भाग, पोटात स्प्रिंग, खाली फिरवायची चकती. चकती घट्ट केली की स्प्रिंग आवळते, मग हवा सुखासुखी आत जात नाही. ओढणाऱ्याला जोर लावावा लागतो. अडवणं हेच माझं काम. अडवलं नाही तर मी नुसता प्लास्टिकचा तुकडा.

कारखान्यात माझी स्प्रिंग तपासणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "ही बया भलतीच खाष्ट निघाली गं." मला ते कौतुकच वाटलं.

मास्तरांकडे मी आले ती त्यांच्या पायापायी. मास्तरांना शुगर. तळपाय पार बधिर झालेले. दुकानात टाचण्या कायम सांडलेल्या, त्यातली एक अंगठ्याखाली घुसली. दिवसभर ती रुतलेली आणि हे वरून मशीन मारतायत! संध्याकाळी बायकोनं मोजा काढला तेव्हा कळलं. जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली तर भरेल, नाहीतर पाय कापावा लागेल. आता टेलरचा पाय म्हणजे निम्मं दुकान. मशीनला मोटार बसवली तरी तिलाही पायच लागतो.

जखमेमुळे चालायला बंदी. म्हणून दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं.

"चालता येत नाही ना काका? मग छातीला चालवू. श्वास ओढणारे स्नायूसुद्धा स्नायूच, कामाला लावले की तेही साखर खातात. आत ओढायचं, फुंकायचं नाही. दर आठवड्याला या, चकती मी घट्ट करीन. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि गोळ्या, पथ्य सोडलंत तर ही एकटी काही करणार नाही, सांगून ठेवते."

"बाई, स्प्रिंग मला शिकवू नका," मास्तर म्हणाले. "जन्म गेला मशीनचे स्क्रू पिळण्यात."

दुकानात दोन मशिनी. दाराजवळची, उजेडातली, मास्तरांची. आतली, अंधारातली, त्यांच्या धाकट्या भावाची. मास्तर मला तोंडाला लावून बसले की धाकटा आतून विचारायचा, "दादा, हुक्का भरून देऊ का?"

"तू आधी कॉलर सरळ लाव. गिऱ्हाइकाची मान वाकडी नाहीये."

असे होते मास्तर. हात सोन्याचा, जीभ सुईची.

पण नेमानं ओढायचे हो! घाम फुटायचा, डोळे लाल व्हायचे, तरी सोडायचे नाहीत. गोळ्या, पथ्य, मलमपट्टी आणि मी, सगळ्यांनी मिळून शुगर खाली आणली. जखम सुकायला लागली. मास्तरांनी मला आपल्या खणात चांगल्या कात्रीच्या शेजारी जागा दिली. टेलरकडे याहून मोठा मान नाही.

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण एक दिवस चार गिऱ्हाइकं बसलेली असताना त्यांनी मला धाकट्याच्या नाकासमोर धरलं.

"हुक्का म्हणतोस ना? ओढून दाखव. ये की, लाजतोस काय?"

धाकट्यानं ओढलं. मानेच्या शिरा फुगल्या. मी जागची हलले नाही, मला दुसरं येतच नाही. त्याला ठसका लागला, लाळ शर्टावर आली.

"बघा! दम नाही गड्यात," मास्तर हसले. "उगाच नाही अंधारात बसवलाय."

"पुरे हो," बायको म्हणाली. "धाकटा आहे."

"धाकटा आहे म्हणूनच सांगतोय. फुस्स आहे नुसता!"

गिऱ्हाइकं खो खो हसली. त्या दिवसापासून त्याचं नावच पडलं. "फुस्सभाऊ, माझी पॅन्ट झाली का?" तोही हसायचा. पण नंतर मला उचलायचा तेव्हा हसत नसायचा.

हो, उचलायचा. मास्तर वर जेवायला गेले की खण उघडायचा आणि चकती जराशी ढिली करायचा. रोज जराशीच. टेलरची बोटं ती, त्यांना किती फिरवायचं ते बरोबर कळतं. मास्तरांना चकतीवरचे बारीक आकडे दिसायचे नाहीत. त्यांना एवढंच कळलं, की नळी आता लोण्यासारखी जातेय.

"बघ रे, ताकद कशी आली!"

"कमाल आहे दादा तुझी," धाकटा म्हणायचा. "आता कशाला त्या बाईंकडे जातोस?"

मास्तर फुलले. दवाखान्यात जायचं सोडलं. चहात साखर आली. गोळी कधी घेतली, कधी विसरली. टाका ढिला पडला की शिवण उसवते, हे लोकांना ऐकवण्यात ज्यांचा जन्म गेला, ते मास्तर रोज एका ढिल्या स्प्रिंगवर खूश व्हायचे.

जखम पुन्हा उघडली. आधी अंगठा गेला, मग अर्धा पाय.

व्यायामवाल्या बाई भेटायला दुकानात आल्या. मला हातात घेतलं आणि ओरडल्याच, "ही शून्यावर आहे! कुणी फिरवली?"

धाकटा आता उजेडातल्या मशीनवर होता. मान वर न करता म्हणाला, "दादानंच फिरवली असेल. स्क्रू दिसला की त्याची बोटं शिवशिवतात."

चकतीच्या खाचांत निळा खडू बसला होता. मास्तर पांढऱ्या खडूनं बेततात. निळा धाकट्याचा. मास्तरांनी तो पाहिला. मग भावाकडे पाहिलं, मग भावाच्या पायांकडे. घर आता त्याच पायांवर चालत होतं.

"मीच फिरवली, बाई."

"काका, असं कसं हो केलंत? शाळेतली मुलं तरी बरी!"

"तो ऐकतो का कुणाचं," धाकटा म्हणाला आणि मला या मोडक्या कात्र्यांत टाकलं.

आता मास्तर खाली बुटक्या स्टुलावर बसून काज-बटणं करतात. त्यांच्या नजरेसमोर दिवसभर धाकट्याचे पाय असतात. खण नीट बंद होत नाही, त्यामुळे मलाही दिसतात. हल्ली धाकट्याला सारखी तहान लागते. बाटलीमागून बाटली पाणी पितो आणि सारखा लघवीला उठतो. घराण्यातच आहे म्हणे आजार.

आज सकाळी त्यानं टाचणीवर पाय दिला. टाच टेकून मशीन मारतोय आणि टाचणीचं डोकं तळव्यात चमकतंय. पायमोज्यावर लाल ठिपका पसरतोय. त्याला काहीच कळलेलं नाही.

मास्तरांनी पाहिलंय. सुईत दोरा ओवला, दातानं तोडला, गाठ मारली आणि पुढचं बटण घेतलं.

मित्रांनो, मला दोघा भावांनी तोंडाला लावलं, पण मला स्वतःला तोंड नाही. तुम्हाला आहे. दुसऱ्याच्या पायात टाचणी दिसली तर तो कसाही असो, तुमच्याशी कसाही वागलेला असो, आधी सांगा. भांडण नंतर करा.

मशीन अजून चालूच आहे. ठिपका आता रुपयाएवढा झालाय.