वैद्यबुवांचा हात

"वैद्यबुवा, परत दाते आले!" संशोधक मुलगी रडकुंडीला आली होती.

अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तांब्याचा पृष्ठभाग रेघेरेघेने उमटत होता. मधे एकच परका अणू, आणि त्याच्यावर आपटून माघारी फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची त्याच्याभोवती उठलेली वर्तुळं. त्या वर्तुळांवरून करवतीसारखे दाते गेले होते. काहीतरी थरथरत होतं, सेकंदाला पाच वेळा.

थरथर शोधून काढणं हे वैद्यबुवांचं काम. ते इथले तंत्रज्ञ. यंत्राच्या बाहेरच्या लोखंडी चौकटीवर तळवा टेकवून ते दोन मजले खालच्या लिफ्टचा धक्काही ओळखत, म्हणून हे नाव पडलेलं. यंत्र चालू असताना चौकटीला हात लावू नये, ही पाटीही त्यांचीच. ती अर्थात इतरांसाठी. बावीस वर्षं त्यांचा हात इतका हलका होता की तांब्यावरून फिरणाऱ्या आतल्या सुईला त्याचा पत्ताही लागत नसे.

सकाळपासून लिफ्ट बंद करून झाली, पंप झाला, शेजारच्या खोलीतला पंखाही झाला. वैद्यबुवा काही बंद करायला गेले की रेघा स्वच्छ येत. परत येऊन तळवा टेकवला की दाते हजर. तिसऱ्या खेपेला त्यांना शंका आली. त्यांनी हात उचलला. दाते गेले. पुन्हा ठेवला. आले.

त्यांच्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. आधी हाताला कंप, मग पायाला, मग पाच वर्षं अंथरूण. वैद्यबुवांनी हात खिशात घातला. असला हात या खोलीत कोण ठेवून घेणार?

तेवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या. पडद्यावर सगळं स्वच्छ होतं.

"गेलं वाटतं," वैद्यबुवा घाईघाईने म्हणाले. सुटलो, असं त्यांना वाटलं.

"आपोआप गेलं ना? मग आपोआप परत येईल," मॅडम म्हणाल्या. "आत काहीतरी सैल झालंय. यंत्र उघडू या."

उघडायचं म्हणजे आतली पोकळी पुन्हा निर्वात होईपर्यंत तीन महिने गेले. मुलीच्या प्रबंधाची मुदत दोन महिन्यांत संपत होती. ती मटकन खुर्चीत बसली.

वैद्यबुवा पुढे झाले. "मॅडम, उघडू नका. बिघाड आत नाहीये."

"मग कुठे आहे?"

त्यांनी खिशातून हात काढला आणि चौकटीवर ठेवला. पडद्यावर दाते उमटू लागले. तिघंही बघत होते. मग त्यांनी हात उचलला.

"कधीपासून?" मॅडमनी हळूच विचारलं.

"मला आजच कळलं."

"घरी सांगायला हवं, वैद्यबुवा."

"घरी माहीत असणार," ते म्हणाले. "दोन-तीन महिने झाले, बायको मला चहा अर्धाच कप देते. मला वाटायचं, साखरेमुळे."

मुलीने नवी प्रतिमा सुरू केली. वैद्यबुवा स्टूल घेऊन भिंतीपाशी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. तिथून चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं. "गोल येतायत का?" त्यांनी विचारलं.

"येतायत, काका," ती म्हणाली.