माकडाने पुढे केलेला हात

बाबांना ताप आला त्याच आठवड्यात पळसदरीच्या रानातल्या माकडालाही आला. ते माकड बाबांनीच पिंजऱ्यात घालून उंबरावर उंच टांगलं होतं. काही डास झाडांच्या शेंड्यांवरच राहतात, एका माकडाचा ताप दुसऱ्याला देतात, आणि लाकडं तोडायला माणूस वर चढला की त्यालाही, असा बाबांचा अंदाज होता. माकडाचं रक्त काढून ते मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवत. सेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर बाबा गेले. कोणत्या तापाने, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही.

मुंबईहून प्रयोगशाळेचे साहेब आले. "नुसत्या रक्तावर भरवसा नाही. माकड मारून मेंदू तपासला तर कळेल. उद्या नेतो."

बाबा कशाने गेले ते मला कळायला हवंच होतं. मी हो म्हटलं.

बाबांचा सोबती धोंडी कातकरी, बाबांना तो दादा म्हणे, याने पिंजरा आमच्या पडवीत आणून ठेवला. त्याच्या वाडीत तांबड्या तोंडाच्या माकडाला कोणी मारत नाही. त्यात माणसाचा जीव असतो म्हणतात.

"ताई, दादा त्याच्यात हायेत. सोडा त्याला."

"बाबा असते तर आधी सुई टोच म्हणाले असते."

"मंग त्यांनाच इचारा की! बघा, तसंच रागावून बसलंय."

बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा हसले.

रक्त काढायला मी बाबांकडूनच शिकले होते. सुई घेऊन जवळ गेले, तर माकडाने गजांतून हात बाहेर काढला, तळवा वर केला आणि तोंड फिरवलं. चणे देऊन बाबांनी लावलेली सवय. माझ्याकडून स्वतःला सुई टोचून घेताना बाबाही असंच तोंड फिरवत.

सकाळी साहेबांना रक्ताची बाटली दिली. माकड दिलं नाही.

"मग कारण कळायचं नाही," ते म्हणाले.

"नाही कळणार."

ताप असलेलं माकड सोडलं असतं तर डासांनी तो ताप रानभर नेला असता. म्हणून पिंजऱ्यावर बाबांची मच्छरदाणी टाकली आणि ताप पुरता उतरेपर्यंत थांबले. तेवढ्यात मुंबईचं उत्तर आलं: रक्तात काही सापडलं नाही.

मग पिंजरा पुन्हा उंबराखाली नेला. दार उघडताच माकड सरळ शेंड्यावर गेलं.

"दादा, जपून जा रं," धोंडी वर बघत म्हणाला.

मी मच्छरदाणी झटकून तिची घडी घातली.