मागच्या वेळी विसरलेला कोट

मी एक जुना निळा कोट आहे, मित्रांनो. मी कधी एकाचा झालो नाही, म्हणून सगळ्यांचा झालो.

मिलवॉकीच्या शिंप्याने मला एका लग्नासाठी शिवलं. नवरदेव बनियनवरच पळून गेला आणि मी त्याच विस्कॉन्सिन राज्यात, तळ्याकाठच्या ग्रेबनरच्या हॉटेलात येऊन पडलो. तिथे दारावर पाटी होती, 'कोटाशिवाय पुरुषांना प्रवेश नाही.' शुक्रवारी तळलेला मासा खायला पाच गावं लोटायची. त्यात एखादा तरी नुसत्या शर्टावर यायचाच. त्याच्यासाठी मी खुंटीवर.

माझं माप विचारू नका. गळाच्या काठीएवढा बारीक असो की दोन खुर्च्या लागणारा असो, मी सगळ्यांना बसलो. एकदा तर दोघं भाऊ एकेक बाही वाटून घेऊन माझ्यात शिरले आणि पोटभर जेवून गेले. खोटं वाटत असेल तर तळ्यातल्या माशांना विचारा.

पण कौतुक माझं नाही, व्हर्नाचं. दारापाशी लोकांचे कोट सांभाळायची ती. असे उसने कोट दुसऱ्या हॉटेलांतही असायचे. तिथे दरवान दोन बोटांनी कोट पुढे करायचा, सगळे मान वळवून बघायचे आणि त्या बिचाऱ्याचे कान लाल व्हायचे. व्हर्ना मात्र चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणायची, "अहो, मागच्या वेळी कोट इथेच विसरलात की. जपून ठेवलाय मी."

चाळीस वर्षं हेच एक खोटं. इतकं खरं खोटं मी दुसरं ऐकलं नाही.

एका शुक्रवारी डेल्बर्ट हान्के आला. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, अंगात चौकड्यांचा शर्ट. डुलूथच्या रोझलिंडबरोबर तो सहा वर्षं मोबाइलवर पत्ते खेळत होता. दोघं भेटलेले कधीच नव्हते. आज तिने इथे बोलावलं होतं आणि ती आत खिडकीपाशी बसलीही होती. डेल्बर्टने पाटी वाचली आणि गाडीकडे परत वळला.

"कुठे निघालात?" व्हर्नाने हटकलं.

"चुकून आलो, बाई. आपल्यासारख्याची जागा नाही ही."

"आत कोण थांबलंय?"

"फोनवरची मैत्रीण. माझी लेक म्हणते, बाबा, ती बाई नसणारच, कुणीतरी मिशीवाला असेल."

"मिशी नाहीये. मी बघितलंय. आणि तुमचा कोट मागच्या वेळी इथेच राहिलाय."

"बाई, मी जन्मात पहिल्यांदा आलोय इथे."

"मग तेही विसरलात. घाला हात."

लोक म्हणतात, फोनवरची मैत्री पोकळ. मित्रांनो, मी हजार छात्यांवर बसलोय. इतरांच्या छात्या भिंतीवरच्या घड्याळासारख्या टिकटिक करतात. डेल्बर्टची अशी धडधडली, की माझं मधलं बटण उडून थेट बँकेच्या मॅनेजरच्या सूपमध्ये पडलं. पोकळ वस्तूला एवढा जोर कुठून येणार?

रोझलिंडने मान वर केली. "डेल्बर्ट? फोटोत तुला केस होते."

"फोटो जुना आहे. आणि तू हरलीस की लिहायचीस, मांजर फोनवर बसलं."

"मांजर जाऊन चार वर्षं झाली," ती शांतपणे म्हणाली. "कोट छान आहे हं तुझा."

डेल्बर्टने माझी बाही चाचपली. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी श्वास रोखला.

"माझा नाही," तो म्हणाला. "दारावरच्या बाईंनी घातला अंगात. नाहीतर मी परत चाललो होतो."

रोझलिंडने पर्समधून पत्त्यांचा जोड काढून त्याच्यापुढे ठेवला. "पिस," म्हणाली.

पुढे ग्रेबनरच्या नातवाने ती पाटी काढली. आता लोक अर्ध्या चड्डीत येतात. मला राग नाही, मासा त्यांनाही तितकाच गोड लागतो. पण मी पिठाच्या पोत्यांमागे गेलो आणि कसरीने माझी कॉलर खाल्ली. एका दुपारी नातवाने मला कचऱ्याच्या पिशवीत कोंबलं. व्हर्ना दारापाशी स्टुलावर बसली होती. गुडघे गेलेले.

तेवढ्यात दारात डेल्बर्ट आला, त्याच्या कोपराला धरून रोझलिंड. त्याची नजर पिशवीवर गेली. पिशवीतून माझी बाही लोंबत होती.

"व्हर्नाबाई," तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "मागच्या वेळी माझा कोट इथेच राहिला बहुतेक."

चाळीस वर्षांत हे वाक्य तिला पहिल्यांदा कुणी ऐकवलं होतं. तिने सावकाश चष्मा पुसला.

"निळा का?"

"निळा. मधलं बटण नाही."

"मग तुमचाच. जपून ठेवलाय मी."

आता मी डेल्बर्टच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर असतो. रोझलिंडने मला लाल बटण लावलंय. जुनं बटण मॅनेजरने गिळलं, असं व्हर्ना शपथेवर सांगते.

मित्रांनो, नियम येतात नि जातात. पण कुणाच्या अंगावर काही घालायची वेळ आली, तर असं घाला की ते त्याला स्वतःचंच वाटावं. आणि आम्हाला वर्षातून दोनदा तरी ऊन दाखवा. कसर कुणाचा मान ठेवत नाही.